रिअ‍ॅलिझम म्हणजे घुसून मारणं नव्हे

लोअरपरळकर (धागाकर्ता)

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज ठरलेला आहे. बॉर्डरवर काही झालं किंवा कुठल्या देशाने आपल्याकडे डोळे वटारले की लगेच "आता तरी भारताने रिअ‍ॅलिस्ट व्हावं". आणि रिअ‍ॅलिस्ट म्हणजे काय, तर चार विमानं पाठवा, दोन ठिकाणं उडवा, विषय संपला. मी हाच विषय, म्हणजे आंतरराष्ट्रीय राजकारण, कॉलेजात शिकवतो, त्यामुळे ते वाचून दर वेळी डोकं फिरतं, ग्रुपवर बोललं तर सेक्रेटरी म्हणतात पाण्याच्या टँकरचं बोला, म्हणून इथे लिहितोय.

रिअ‍ॅलिझमचं मूळ म्हणणं एवढंच की देशांच्या वर पोलीस स्टेशन नाही. माझ्या घरात चोर शिरला तर मी फोन फिरवतो, देशाच्या घरात शिरला तर तो कुणाला फिरवणार? त्यामुळे ज्याने त्याने आपलं बघायचं. इथपर्यंत सगळे रिअ‍ॅलिस्ट एका सुरात, पुढे भांडणं. मॉर्गेनथाऊ १९४८ मध्ये म्हणाला की सत्तेची भूक माणसाच्या स्वभावातच आहे. केनेथ वॉल्ट्झ १९७९ मध्ये म्हणाला स्वभाव बाजूला ठेवा, उद्या सगळ्या देशांत संत राज्यावर बसले तरी वर कुणी नसल्यामुळे एकमेकांच्या धास्तीने तेही शस्त्रं जमवतील. पण वॉल्ट्झच्या मते फार ताकद जमवणं धोक्याचं, कारण मग बाकीचे तुमच्याविरुद्ध एकत्र येतात. मीअरशायमर २००१ मध्ये म्हणाला छे, पुरेशी ताकद असं काही नसतंच, मोठे देश मिळेल तेवढी ओढणारच. आणि स्टीफन वॉल्टने १९८७ मध्ये यात अजून एक पाचर मारली, की देश नुसत्या ताकदीला घाबरत नाहीत, धोक्याला घाबरतात, म्हणजे ताकद अधिक जवळीक अधिक इरादा.

आता मुद्द्याची गोष्ट. व्हिएतनाम युद्ध चुकीचं आहे हे उघडपणे सांगणाऱ्यांत मॉर्गेनथाऊ पुढे होता. सप्टेंबर २००२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये ३३ अभ्यासकांनी जाहिरात दिली की इराकवरचं युद्ध अमेरिकेच्या हिताचं नाही, त्यात वॉल्ट्झ, मीअरशायमर आणि वॉल्ट तिघेही होते. आणि युद्ध हवं म्हणणारे काय बोलत होते? लोकशाही रुजवू, तिथली जनता फुलं उधळेल वगैरे. म्हणजे जो माणूस ग्रुपवर "रिअ‍ॅलिस्ट व्हा" म्हणतो त्याला खरा रिअ‍ॅलिस्ट भेटला तर तो आधी विचारेल, खर्च किती, मिळणार काय, आणि उरलेले देश त्यानंतर काय करतील. हात उगारायच्या आधी हा हिशोब मागणारी ही थिअरी आहे. बाकीच्या थिअऱ्यांवर तुम्ही बोला, मीही मधेमधे येतो.

तात्या_मुलुंड

सर, प्राध्यापकांची ही जुनी खोड, ज्याला सगळे घोडा म्हणतात त्याला तुम्ही खेचर सिद्ध करणार. मला साधं सांगा, २९ एप्रिल १९५४ ला पंचशील करार केला, तिबेट चीनचा म्हणून मान्य केला, बदल्यात काय मिळालं? ८ वर्षांत १९६२. याला आदर्शवादाची किंमत नाही म्हणायचं तर काय म्हणायचं. आणि परदेशी नावं कशाला, आपला कौटिल्य दोन हजार वर्षांपूर्वी सांगून गेला की शेजारी तो शत्रू आणि शत्रूचा शेजारी तो मित्र. विजिगीषु, म्हणजे जिंकायला निघालेला राजा हात बांधून बसत नसतो.

पॉपकॉर्न_बोरिवली

जागा धरून ठेवतो 😀

लोअरपरळकर

तात्या, १९६२ वर नीट लिहितो, थोडा वेळ द्या. पण कौटिल्याचं आत्ताच घ्या. अर्थशास्त्राच्या सातव्या अधिकरणात सहा मार्ग सांगितलेत, संधी (तह), विग्रह (युद्ध), आसन (थांबून राहणं), यान (चढाईची तयारी), संश्रय (दुसऱ्याचा आसरा) आणि द्वैधीभाव (एकाशी तह, दुसऱ्याशी युद्ध). सहातल्या एकाचंच नाव युद्ध. आणि तिथेच पुढे म्हटलंय की संधी आणि विग्रह दोन्हीतून सारखाच फायदा होत असेल तर संधी करावी, कारण विग्रहात क्षय आहे, व्यय आहे, प्रवास आहे, प्रत्यवाय म्हणजे अडथळे आहेत. पाठ खुद्द आपल्या मुंबई विद्यापीठाने छापलाय, कंगल्यांनी संपादित केलेला, १९६० ते ६५ मध्ये तीन भागांत. विजिगीषु माणूस हात बांधून बसत नाही हे कबूल, पण 'आसन' म्हणजे चक्क गप्प बसणं हेही त्याच यादीत आहे की.

प्रिलिम्सग्रस्त

सर मी दादरच्या अभ्यासिकेत बसून हे वाचतोय, यूपीएससीला ऑप्शनल पीएसआयआर, म्हणजे राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध आहे. लिबरलिझम मला पाठ आहे पण पटत नाही. व्यापार वाढला की युद्ध होत नाही असं म्हणतात, मग पहिलं महायुद्ध कसं झालं? तेव्हा तर जर्मनी आणि ब्रिटन एकमेकांचे मोठे गिऱ्हाईक होते ना?

न्हावाशेवा_घाटी

यावर मी बोलणार कारण रोज तेच खातो. मी कस्टम हाउस एजंटकडे आहे, न्हावाशेवाला. गलवान झालं जून २०२०, आपले २० जवान गेले, महिन्याच्या शेवटी ५९ ॲप बंद झाले, टिकटॉकसकट. त्याच आठवड्यात पोर्टवर चीनचा माल अडला, प्रत्येक कंटेनर उघडून बघा असं सुरू झालं, पार्ट्यांचे फोनवर फोन, सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनरच्या गोदामात, जागेचं भाडं चढतोय, कंटेनर अडकला म्हणून शिपिंग लाइनचा दंड वेगळा, आणि माल काय तर औषधाचा कच्चा माल, मोबाईलचे पार्ट, एसीचे कॉम्प्रेसर. तेव्हा मलाही वाटलं आता चीनचं काम संपलं, नवीन नोकरी बघावी. कसलं काय. २०२१ मध्ये दोन्ही देशांचा व्यापार १०० अब्ज डॉलरच्या पार गेला, पहिल्यांदाच. सीमेवर दोन्हीकडे हजारो सैनिक समोरासमोर आणि इकडे शांघाय निंगबोचे बॉक्स उतरतायत. आता मला सांगा कुठली थिअरी बरोबर? व्यापाराने भांडण थांबलं नाही आणि भांडणाने व्यापारही थांबला नाही.

लोअरपरळकर

घाटीसाहेब, हा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार, हरकत नसेल तर.

लिबरल लोक इतके भोळे नाहीत जेवढं आपण समजतो. नॉर्मन एंजेलने १९१० च्या सुमारास लिहिलं की युद्धातून आता फायदा निघूच शकत नाही, जिंकणाराही बुडतो. लोक त्याला हसतात की चार वर्षांत महायुद्ध झालं, पण तो युद्ध होणारच नाही म्हणाला नव्हता, तोट्याचं ठरेल म्हणाला होता, आणि तोट्याचंच ठरलं. नंतर १९७७ मध्ये कोहेन आणि नाय आले. त्यांचं म्हणणं, दोन देश एकमेकांवर अवलंबून असतात तेव्हा दोघांचं अवलंबून असणं सारखं नसतं, आणि ज्याला नातं तुटलं तर कमी लागतं त्याच्या हातात जोर. चीनने औषधाचा कच्चा माल बंद केला तर आपल्याकडे गोळ्यांचे कारखाने अडतात, आपण टिकटॉक बंद केलं तर त्यांचं नुकसान होतं पण श्वास अडकत नाही.

आणि २०१९ मध्ये फॅरेल आणि न्यूमन यांनी तर सांगितलं की हे जाळंच हत्यार होतं. पैशाचे, डेटाचे नाके ज्याच्या ताब्यात तो बाकीच्यांचा गळा आवळतो, उदाहरणार्थ रशियन बँकांना स्विफ्ट या बँकांच्या जागतिक निरोप-जाळ्यातून काढणं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर एकूण ५० टक्के टॅरिफ लावला, त्यातला अर्धा रशियन तेल घेतो म्हणून. अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिने घडवणाऱ्या कारागिराचा युक्रेनशी काय संबंध? पण बसला ना धक्का. हे रिअ‍ॅलिझम म्हणायचं की लिबरलिझम, मला विचाराल तर इथे दोघांची हद्द पुसली जाते.

शिवडीची_पल्लवी

मी जरा वेगळं टोक धरते. तुम्ही दोघंही ताकद आणि पैसा मोजताय, पण मोजणाऱ्याच्या मनात समोरचा कोण आहे ते कुणी विचारत नाहीये. अलेक्झांडर वेंटचं प्रसिद्ध उदाहरण आहे, ब्रिटनकडची ५०० अण्वस्त्रं अमेरिकेला जेवढी धोक्याची वाटत नाहीत तेवढी उत्तर कोरियाकडची ५ वाटतात. अस्त्र तेच. याला कन्स्ट्रक्टिव्हिझम म्हणतात. १९९२ च्या लेखात त्याने सरळ म्हटलंय की वर पोलीस नाही हे खरं, पण त्याचा अर्थ काय लावायचा हे देशच आपसात वागून ठरवतात.

आपलंच घ्या. डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागरात आलं, एंटरप्राइझ जहाज घेऊन, तेव्हा आपल्याकडे लोकांनी शिव्या घातल्या होत्या. आज त्याच अमेरिकन नौदलाबरोबर आपण मलबार कवायती करतो आणि फोटो पेपरात कौतुकाने छापून येतात.

तात्या_मुलुंड

पल्लवीताई, त्याचं उत्तर फार सोपं आहे. तेव्हा रशिया आपल्या मागे होता आणि चीन अमेरिकेच्या कुशीत शिरत होता, आज चीन डोक्यावर बसलाय. मनाचा काय संबंध, वारा फिरला. झाला की नाही तुमच्या सरांचा रिअ‍ॅलिझम?

शिवडीची_पल्लवी

थोडा झाला, पूर्ण नाही झाला तात्या. अमेरिकेशी झालेला २००८ चा अणुकरार घ्या, मला वाटतं या सगळ्या भांडणासाठी याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही, आणि सुरुवात इथल्या ट्रॉम्बेची आहे, माझ्या गच्चीवरून दिसतं ते. सायरस रिअ‍ॅक्टर १९६० मध्ये सुरू झाला, कॅनडाने दिलेला, जड पाणी अमेरिकेचं, शांततेसाठी अणू म्हणून. त्यातलंच प्लुटोनियम १९७४ च्या पोखरणला वापरलं. त्यावर चिडून पुरवठादार देशांनी एनएसजी नावाचा गट काढला, म्हणजे तो गट निघालाच आपल्यामुळे. आपण एनपीटीवर, म्हणजे अण्वस्त्रांचा प्रसार रोखणाऱ्या करारावर, सही केली नाही, १९९८ मध्ये परत स्फोट केले, निर्बंध लागले. आणि सप्टेंबर २००८ मध्ये त्याच एनएसजीच्या ४५ देशांनी सही न करणाऱ्या भारताला सूट दिली.

आता तिघांना विचारा का. रिअ‍ॅलिस्ट म्हणेल चीनसमोर उभा करायला अमेरिकेला भारत हवा होता. लिबरल म्हणेल भारत लोकशाही, बाजार मोठा, आणि नागरी रिअ‍ॅक्टर देखरेखीखाली ठेवायला तयार झाला, संस्थेचा नियम वाकला पण संस्था टिकली. मी म्हणेन भारताने कितीतरी वर्षं "आम्ही जबाबदार आहोत, कुणाला तंत्रज्ञान विकलं नाही, पहिला वार करणार नाही" ही प्रतिमा सांभाळली, आणि पाकिस्तानच्या ए. क्यू. खान यांचं विक्रीचं जाळं २००४ मध्ये उघडं पडल्यावर दोघांतला फरक जगाला दिसला. नुसत्या चीनच्या हिशोबाने झालं असतं तर युरोपातल्या लहान देशांनी मान का डोलावली, त्यांना चीनची कसली भीती?

तात्या_मुलुंड

त्यांना अमेरिकेची भीती 😄

लोअरपरळकर

😄 तात्या, आता तुम्ही पक्के रिअ‍ॅलिस्ट झालात. पण पल्लवीचा मुद्दा मला खाऊन टाकतो हे खरं. अमेरिकेचं हित कशात आहे हे रिअ‍ॅलिझम सांगू शकतो, पण तेच हित १९९८ मध्ये का नाही दिसलं, चीन तेव्हाही शेजारीच होता. मध्ये काहीतरी बदललं आणि ते नुसतं रणगाडे मोजून कळत नाही.

काळाचौकीचा_राजा

लोकशाही देश एकमेकांशी लढत नाहीत हे राहिलं. कांटने १७९५ मध्ये बीज टाकलं, मायकेल डॉइलने १९८३ मध्ये मांडणी केली. कारगिल १९९९, दोन्हीकडे निवडून आलेले पंतप्रधान. संपलं.

प्रिलिम्सग्रस्त

दादा त्यावर ते म्हणतात पाकिस्तान खरी लोकशाही नव्हती, लष्कराने परस्पर केलं.

काळाचौकीचा_राजा

मग जो लढला तो लोकशाही नव्हता असं म्हणत राहायचं, थिअरी कधी हरणारच नाही. चालू द्या.

फोर्टातला_कारकून

मी बराच वेळ नुसता वाचतोय. तुम्ही घेतलेली जवळजवळ सगळी नावं अमेरिकेतली आहेत हे कुणाच्या लक्षात आलं का? एक कौटिल्य सोडला तर. या विषयाची पहिली खुर्ची १९१९ मध्ये वेल्समधल्या ॲबरिस्टविथला निघाली, युद्धाने पोळलेल्या लोकांनी काढली, त्यामुळे त्यांचा प्रश्न एकच, मोठे देश परत लढू नयेत कसं. ज्यांच्यावर राज्य झालं त्यांचा प्रश्न तो नव्हताच. आपल्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेल्या दादाभाई नौरोजींचा प्रश्न होता की इथली संपत्ती तिकडे वाहून कशी जाते, १९०१ मध्ये पुस्तक आलं, आणि केंद्र श्रीमंत परीघ गरीब वगैरे जे प्रेबिश आणि गुंडर फ्रँक यांच्या नावावर शिकवतात ते त्यानंतर कित्येक दशकांनी. रॉबर्ट कॉक्स १९८१ मध्ये म्हणालाच आहे की थिअरी नेहमी कुणासाठी तरी आणि कशासाठी तरी असते.

आणि व्यापार विरुद्ध ताकद या भांडणावर तर आपल्याकडे आज्ञापत्र आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर आहे ते, १७१६ च्या आसपासचं. त्यात म्हटलंय की फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच) हे टोपीकर व्यापारी दिसतात खरे पण बाकी सावकारांसारखे नव्हेत, यांच्यामागे त्यांची राज्यं उभी आहेत. म्हणून त्यांना समुद्रकाठी जागा देऊ नये, द्यायची तर आत लांब द्यावी, आणि किल्लेबंदी तर करूच देऊ नये. व्यापार बंद करा असं नाही म्हटलं बघा. हे लिहिलं गेलं तेव्हा मुंबई बेट इंग्रज कंपनीच्या हातात जाऊन जवळजवळ अर्धं शतक झालं होतं, १६६८ पासून, वर्षाला १० पौंड भाड्याने. फॅरेल आणि न्यूमन वाचून मला हेच आठवलं.

न्हावाशेवा_घाटी

कारकूनसाहेब दंडवत. समुद्रकाठची जागा कुणाला द्यायची यावर आमची सगळी लाइन जगते, आजही बंदराचं टर्मिनल कुठल्या देशाची कंपनी चालवते यावर दिल्लीत फायली फिरतात.

शिवडीची_पल्लवी

+१. आणि यादीत बायका तर औषधालाही नाहीत. सिंथिया एन्लोने १९८९ मध्ये विचारलं होतं की या सगळ्यात बायका कुठे आहेत, लष्करी तळाबाहेर, वकिलातीत, केळीच्या मळ्यात. आखाती देशात घरकामाला गेलेली बाई परराष्ट्र धोरणात कुठल्या रकान्यात बसते सांगा.

काळाचौकीचा_राजा

२६/११ कुठल्या रकान्यात बसतं? दहा जण कराचीहून समुद्रातून आले. देश नव्हे, संघटना. वॉल्ट्झच्या जगात फक्त देश असतात ना?

लोअरपरळकर

बसतं, पण वाकडंतिकडं. ग्लेन स्नायडरने १९६५ मध्ये एक विरोधाभास मांडला होता. दोन्हीकडे अण्वस्त्रं आली की मोठं युद्ध अवघड होतं, आणि नेमकं त्यामुळेच छोट्या कुरापतींना मोकळीक मिळते. वॉल्ट्झला अण्वस्त्रांनी स्थैर्य येतं असं इतकं पटलेलं की २०१२ मध्ये त्याने इराणला बॉम्ब मिळणं चांगलं असं लिहिलं. सीएसटीवर त्या रात्री जे होते त्यांना हे स्थैर्य समजावून सांगायची माझी तरी हिंमत नाही. इथे माझी आवडती थिअरी अपुरी पडते.

दादरपश्चिम

तात्या आणि सर दोघांनाही उद्देशून. तुमच्या भांडणातला एक माणूस राहिला आणि तो परळच्या चाळीत राहिलेला होता. बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला त्या निवेदनात परराष्ट्र धोरणावर वेगळा भाग आहे. त्यांचं गणित असं, देशाचा वर्षाचा महसूल ३५० कोटी, त्यातले १८० कोटी सैन्यावर जातात, आणि हे का, तर स्वातंत्र्याच्या वेळी कुणी आपलं वाईट चिंतत नव्हतं आणि चार वर्षांत मित्र म्हणून कुणी उरला नाही, अडचण आली तर मदतीला येणारं नाही म्हणून एवढी फौज पोसावी लागते. राजकारण म्हणजे शक्य तेवढं साधणं हे बिस्मार्कचं वाक्यही त्यांनी तिथेच दिलंय. पुढे १९५४ मध्ये राज्यसभेत त्यांनी पंचशीलावर सरळ सांगितलं की राजकारणात याला जागा नाही, माओचा त्यावर विश्वास असता तर तो स्वतःच्या देशातल्या बौद्धांशी वेगळा वागला असता.

म्हणजे तात्या, पंचशील भोळेपणा होता हे तुमचं म्हणणं त्यांनी युद्धाच्या ८ वर्षं आधी सांगितलेलं. पण त्यावर उपाय म्हणून त्यांनी हल्ला करा नाही म्हटलं, मित्र जोडा आणि भांडणं कमी करा म्हटलं.

तात्या_मुलुंड

हे मला माहीत नव्हतं, वाचतो. पण सर, १९६२ चं उत्तर राहिलंय, पळू नका.

लोअरपरळकर

नाही पळत तात्या, लोकल कळव्याला थांबलीये, वेळच वेळ आहे.

१९५४ चा करार आठच वर्षांचा होता, जून १९६२ मध्ये तो संपला आणि कुणी वाढवलाही नाही. म्हणजे ऑक्टोबरात हल्ला झाला तेव्हा करार कागदावरसुद्धा नव्हता. त्याआधी नोव्हेंबर १९६१ पासून आपण फॉरवर्ड पॉलिसी घेतली होती, लडाखमध्ये आणि नेफात (आजचा अरुणाचल) पुढे पुढे छोट्या चौक्या टाकायच्या, काही ठिकाणी चिनी चौक्यांच्या मागेसुद्धा. गृहीत काय, तर चीन प्रत्यक्ष लढणार नाही. मागे रस्ते नाहीत, थंडीचे कपडे नाहीत, रसद विमानातून टाकायची. याला मी पंचशील कसं म्हणू? हे तर पुढे घुसणंच होतं, ग्रुपवर मागतात तसलं. आधी भोळेपणा झाला हे मान्य, बाबासाहेबांनी तेच सांगितलं, पण शेवटचा घाव बसला तो ताकदीपेक्षा मोठी चाल खेळल्यामुळे. रणांगणावर आपलं चुकलं ते मॉर्गेनथाऊ असता तर पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं असतं.

तात्या_मुलुंड

मग चौक्या टाकायच्याच नव्हत्या? अक्साई चिन सोडून द्यायचं होतं?

लोअरपरळकर

आधी रस्ते करायचे होते तात्या. गाडी सुटली, उरलेलं घरी पोचल्यावर.

प्रिलिम्सग्रस्त

सर घरी पोचलात की एक सांगा, २००८ च्या अणुकरारावर १५ मार्कांचा प्रश्न आला तर पल्लवीताईंचे तिन्ही मुद्दे लिहू का एकच धरून लढू?

शिवडीची_पल्लवी

तिन्ही लिही, पण कुठला कुठे कमी पडतो तेही लिही. तात्यांचं "अमेरिकेची भीती" सुद्धा घाल, उगाच नाही म्हणाले ते.